ते कातण नव्हे, धाव मोजायचं चाक आहे

ही वस्तू कसली, असं विचारत तुम्ही पाठवलेले चारही फोटो मोठे करून पाहिले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कबाड्याकडून आणलेली लोखंडी चकती, व्यास 19.4 सेंटिमीटर, बेचक्यासारख्या दांडीत सैल फिरणारी, दांडीच्या टोकाला टांगायला कडी. कबाडी म्हणतो, तिथल्या जयविलास राजवाड्याच्या मुदपाकखान्यातलं करंज्यांचं कातण आहे, आणि तुमच्या काकूंनाही ते पटलंय. दिसतं तसंच, हे मान्य. पण एवढ्या कातणाला शोभेल अशी करंजी करायची तर सारण घमेल्यात कालवावं लागेल!

तिसरा फोटो पुन्हा बघा, त्यात कड समोरून दिसते. जाडी सगळीकडे सारखी, कड बोथट, धार लावल्याची खूण कुठेच नाही. म्हणजे कापायचं काम याच्याकडे कधी नव्हतंच. चामड्यावर टाके आखायच्या चाकाला सगळीकडून दाते असतात, तेही इथे नाहीत. आहे ती एकच खाच, छिन्नीने मारलेली. फिरणाऱ्या चाकाला एकच खाच कशाला हवी? फेरे मोजायला.

बैलगाडीच्या किंवा टांग्याच्या लाकडी चाकावर धाव, म्हणजे चाकाभोवतीचा लोखंडी पट्टा, चढवताना लोहार हे वापरायचा. इंग्रजीत याला ट्रॅव्हलर म्हणतात. लाकडी चाकावर खडूने रेघ मारायची, खाच त्या रेघेवर धरायची आणि हे चाक पुठ्ठ्यांवरून, म्हणजे लाकडी चाकाच्या बाहेरच्या कडेवरून, एक पूर्ण वळसा फिरवायचं. किती फेरे झाले आणि वर किती उरलं ते लक्षात ठेवायचं. मग तेच चाक धावेच्या आतल्या अंगाने फिरवायचं. सुतळीनेही माप निघतं, पण सुतळी ताणली की वाढते, आणि इथे अर्ध्या इंचाची चूकही महागात पडते.

कारण धाव मुद्दाम लहान ठेवतात. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा घेर 14 फूट आणि वर दीड इंचाहून थोडा जास्त भरतो. धाव त्याहून साधारण इंचभर कमी. लोखंड 100 अंश तापलं की मीटरमागे सुमारे 1.2 मिलिमीटर वाढतं. एवढ्या घेराची धाव 500 अंशांनी तापवली तर इंचभर मोठी होते आणि चाकावर बसते. पाणी ओतलं की आवळते. कमी लहान ठेवली तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर धाव निसटते, फार लहान ठेवली तर चढत नाही, आणि जबरदस्तीने चढवलीच तर आरे वाकतात.

लहानपणी ग्वाल्हेरजवळच्या मुरारला हे काम पाहिलंय. गोवऱ्यांचं मोठं रिंगण पेटवलेलं, त्यात धाव लाल झालेली. तिघांनी सांडशींनी उचलून ती चाकावर टाकली, लाकडाने पेट घेतला, घणाचे पाच-सहा घाव पडले आणि लगेच बादल्या. त्या वाफेत आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यात, घट्ट बसताना जो कर्रकर्र आवाज येतो, तो अजून कानात आहे. माप आधीच नीट घेतलेलं होतं, म्हणून ती घाई निभावली.

आता तुमच्या चकतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. 19.4 हा आकडा विचित्र वाटतो ना? त्याला 3.14 ने गुणा. सुमारे 61 सेंटिमीटर येतात, म्हणजे 24 इंच, बरोबर दोन फूट. वरच्या उदाहरणातलं चाक या चकतीने मोजलं तर सात फेरे आणि दीड इंचाहून थोडं जास्त. गावठी कामाला चकतीचा घेर कितीही असला तरी चालतो, कारण तुलनाच तर करायची. इथे मात्र बनवणाऱ्याने फूटपट्टी समोर ठेवून घेर ठरवलेला दिसतो. ग्वाल्हेर लाइट रेल्वेच्या रुळांमधलं अंतरही दोन फूटच होतं, तेव्हा कुणीतरी हे तिच्या कारखान्यातलं आहे असंही सांगेल. तेवढ्यावरून नातं जोडू नका. दोन फूट हे त्या काळी कुठेही सापडणारं माप.

जयविलासचंही तेच. हा वाडा 1874 चा, तिथल्या बग्ग्यांना लोहार लागलेच असणार, पण टांगे तर अख्ख्या ग्वाल्हेरात होते. एखादा ठसा किंवा कागद मिळेपर्यंत चिठ्ठीवर राजवाड्याचं नाव घालू नका. लिहा: धाव मोजायचं चाक, घडीव लोखंड, घेर 24 इंच, लष्कर येथे घेतलं. खरेदीची तारीख आणि किंमतही टाका, दहा वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही.

एक कळकळीची विनंती, तेजाबात बुडवू नका. माझ्या पहिल्याच चाकाचा मी असा सत्यानाश केला. रात्रभर ठेवलं, सकाळी चकाचक! बाजूला ठिपक्यांची एक ओळ पुसट दिसत होती, ती गंजाबरोबर धुऊन गेली. मालकाची खूण होती की इंचांच्या खुणा, कोण सांगणार. तुम्ही रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, गंज फार असेल तिथे बारीक स्टील वूल हलक्या हाताने, आणि शेवटी मेणाचा पातळ हात. मधली रिव्हेट ढिली आहे म्हणून ठोकू नका. ते भोक वापरून झिजलंय आणि चाक खरंच कामात होतं याचा तोच पुरावा आहे.

पुसण्याआधी मात्र एक करा. चकतीच्या दोन्ही बाजूंना कोरडा खडू घासून वरचा खडू बोटाने पुसून टाका. काही कोरलेलं असेल तर खडू त्यात अडकून पांढरं उमटेल. मग खिडकीजवळ तिरप्या उजेडात फोटो काढा, फ्लॅश नको.