वाचक विचारतात : एवढ्या अफाट हवेत आपल्या धुराचा हिशोब लागतो का?

प्रश्न : आपण जाळतो त्या कोळशा-तेलाने एवढ्या मोठ्या वातावरणात असा कितीसा फरक पडणार? मी बारावीपर्यंत रसायनशास्त्र शिकलो आहे. हा हिशोब मला स्वतःला करून पाहता येईल का?

उत्तर : येईल की! बारावीही लागत नाही, दहावीचं पुरतं.

आधी हवेचं वजन. दर चौरस मीटरवर साधारण १० टन हवेचा भार असतो (समुद्रसपाटीला १०.३, पण डोंगर-पठारांपायी थोडा कमी धरू). पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. गुणाकार करा : ५१ लाख अब्ज टन हवा. तिचा दहा लाखावा भाग ५.१ अब्ज टन.

इथे थांबा. माझे निम्मे विद्यार्थी याच पायरीवर मार्क घालवायचे. पीपीएम म्हणजे दहा लाख रेणूंमागे एक रेणू. त्यात वजन मोजलेलं नसतं. हवेचा सरासरी रेणुभार २९, कार्बन डायऑक्साइडचा ४४. म्हणून ५.१ ला ४४ ने गुणून २९ ने भागायचं. ७.७ येतात; बारीक आकडे घेतलेत तर ७.८. इतके अब्ज टन वायू सोडला की हवेत १ पीपीएम वाढ.

आता जमेची बाजू. १२ ग्रॅम कार्बन जळताना हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो. धूर इंधनापेक्षा जड भरतो तो असा. जगभरच्या इंधनातून आणि सिमेंटमधून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास वायू निघतो. भागिले ७.८ : पावणेपाच पीपीएम.

प्रत्यक्षात मात्र अलीकडे वर्षाला अडीचच्या आसपासच वाढ दिसते. हवाईतल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा आकडा ३१५ च्या घरात होता, आता ४२० च्या वर आहे.

मला या हिशोबातली ही तूटच सगळ्यात आवडते. उरलेला जवळजवळ निम्मा वायू समुद्र आणि झाडं-माती पोटात घेतात. समुद्रात तो कार्बोनेटशी मिळून बायकार्बोनेट होतो आणि पाण्याची आम्लता वाढते. ‘हा वायू समुद्रातूनच वर आला’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हा भागाकार दाखवा. समुद्राने भर घातली असती तर वाढ पावणेपाचाच्या वर गेली असती, खाली आली नसती. शिवाय हवेतला ऑक्सिजन किंचित का होईना, घटतोय; तो जळण्यात खर्च होतो, समुद्रातून नुसता वायू वर येण्यात नाही. ती घट कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ यांनी मोजली.

मीथेनला मात्र हा भागाकार सरळ लावू नका. हवेतले हायड्रॉक्सिल मूलक (OH, पटकन अभिक्रिया करणारे कण) त्याला साधारण दशकभरात संपवतात. त्यामुळे तिथे दरसाल किती आला यासोबत किती संपला हेही मांडावं लागतं. रेणुभार तेवढा १६ घ्या.