नवीन गाडी घेतलीस ना, मग स्क्रीनचं आधी ऐक
भावा, अभिनंदन! पण त्या मोठ्या टचस्क्रीनपासून जरा सांभाळून रहा. साठच्या स्पीडला दोन सेकंद नजर खाली गेली की गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात तेवढ्यात रिक्षा आडवी येतेच, माझ्यासमोर आली होती, मी एसी कमी करत होतो, बंपर वीतभर अंतरावर थांबला, हात अर्धा तास थरथरत होते. जुन्या गाडीत नॉब चाचपून फिरवायचो, बघावं लागत नव्हतं. गाडीतल्या स्क्रीनबद्दलच्या अमेरिकेच्या २०१३ च्या गाइडलाइनमध्येपण एका वेळी जास्तीत जास्त दोनच सेकंद नजर रस्त्यावरून हटावी असं धरलंय. मॅप, गाणी घरून निघतानाच लाव. कसारा घाटात धुकं असेल तर डीफॉगरचं, म्हणजे काचेवरची वाफ घालवायचं बटण कुठंय ते आधीच पाठ करून ठेव, बाकी काही बदलायचंच असेल तर शेजारच्याला सांग नाहीतर सरळ बाजूला घे.