कामाच्या, म्हणजे शिकारीत पडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या, लॅब्राडोर कुत्र्यांची घरातली वंशावळ टिकवायची आहे. जोडी कशी निवडावी?

आधी कुत्रीकडे बघा, नराकडे नंतर. तिची आई, मावशी, बहिणी तुम्ही स्वतः काम करताना पाहिलेल्या असतात. बाहेरच्या नराबद्दल बरंचसं ऐकीव.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तोंड. तिने आणलेला पक्षी हातात घ्या आणि अंगठ्याने-बोटांनी दोन्हीकडच्या बरगड्या चाचपा. गोल, शाबूत लागल्या तर तोंड मऊ, म्हणजे ती पक्षी न चेपता आणते. वारंवार चेपलेल्या लागत असतील, तर कुत्री कितीही वेगवान असो, तिची पिल्लं घेऊ नका. ही खोड सहसा शिकवून जात नाही, आणि वंशात उतरू शकते. गप्प बसून वाट बघायच्या वेळी कुंई-कुंई करणाऱ्या कुत्रीचंही तेच.

दोन वर्षांची होईपर्यंत थांबा. तोवर खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, ईआयसी (श्रमाने मागचे पाय लुळे पडणं) आणि पीआरए (डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणं) यांची डीएनए चाचणी होऊन जाते. ईआयसीची नुसती वाहक (दोष पुढे देऊ शकणारी, पण स्वतः आजारी नसलेली) चांगली कुत्री बाद करू नका; दोषमुक्त नराशी जोडली तर एकाही पिल्लाला हा आजार होत नाही.

जवळच्या नात्यात मात्र जपून. आजोबा-नात जोडीत पिल्लांचा अंतःप्रजननाचा गुणांक (आईबापाकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक मिळण्याची शक्यता) किमान १२.५ टक्के, सख्ख्या भावंडांत २५. म्हणून दर दोन-तीन पिढ्यांनी बाहेरचा नर आणा, पण बक्षिसं मोजून नको. त्याची आधीची पिल्लं मैदानात बघायला मिळाली तरच.