तीन आजार आणि जीवनगुणवत्तेचे मोजमाप: एकच प्रश्नावली पुरेल का?

आपण विचारले आहे की डायलिसिसवरील, सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) आणि सोरायसिसच्या (त्वचेचा जुनाट आजार) रुग्णांची आरोग्यसंबंधित जीवनगुणवत्ता एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधासाठी मोजायची आहे, तर तिघांना एकच प्रश्नावली चालेल का आणि इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर स्वतःच करून घेतले तर हरकत आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'चालेल, पण एकटी पुरणार नाही' असे आहे, आणि दुसऱ्याचे 'तयार मराठी आवृत्ती असेल तर मुळीच करू नये' असे. नाशिकमध्ये अनेक वर्षे अशा मुलाखती मी स्वतः घेतल्या आहेत आणि नंतर घेणाऱ्यांना शिकवल्याही आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

तीन आजारांची तुलना करायची तर तिघांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यासाठी सर्वसाधारण प्रश्नावल्या असतात. त्यांतली एसएफ-३६ ही १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या ३६ प्रश्नांतून आठ पैलूंचे ० ते १०० असे गुण निघतात. मी मात्र आपल्याला ईक्यू-५डी-५एल सुचवेन. हालचाल, स्वतःची देखभाल, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता-उदासीनता एवढे पाचच प्रश्न, प्रत्येकाला पाच पातळ्या, म्हणजे आरोग्याच्या एकूण ३१२५ अवस्था. तिची अधिकृत मराठी आवृत्ती आहे, आणि चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेली भारतीय मूल्यसारणी (कोणत्या अवस्थेला लोक किती मूल्य देतात, त्याचा तक्ता) २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली असल्यामुळे परदेशी लोकांची पसंती आपल्या रुग्णांवर लादावी लागत नाही. या सारणीत काही अवस्थांचे मूल्य शून्याच्या खाली जाते, म्हणजे लोकांनी त्या मृत्यूहूनही वाईट ठरवलेल्या असतात. तेव्हा आपल्या तक्त्यात उणे आकडा दिसला तर तो चूक समजून पुसू नका.

आता ती एकटी का पुरत नाही, ते पाहा. सोरायसिसचा तरुण रुग्ण चालतो, अंघोळ करतो, सातपूरच्या कारखान्यात पाळी करतो. पाचांपैकी चार प्रश्नांना तो 'अडचण नाही' म्हणेल आणि जवळजवळ पूर्ण गुण घेऊन जाईल. तोच माणूस भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो आणि लग्नाच्या पंगतीत बसायचे टाळतो, हे पाच प्रश्नांत कुठेच उमटत नाही. त्वचारोगांसाठीच्या डीएलक्यूआय या प्रश्नावलीत (१९९४, दहा प्रश्न) कपड्यांची निवड, संकोच आणि लोकांत मिसळणे यांबद्दल थेट विचारलेले आहे. सीओपीडीसाठी आठ प्रश्नांची कॅट ही प्रश्नावली पुरेशी आहे आणि डायलिसिससाठी केडीक्यूओएल-३६ आहे. म्हणजे प्रत्येक रुग्णाला एक समान प्रश्नावली आणि एक त्याच्या आजाराची. तुलना पहिलीवरून करावी आणि त्या-त्या आजाराचे वर्णन दुसरीवरून. डीएलक्यूआयचे गुण कॅटच्या गुणांशी ताडून पाहणे निरर्थक आहे.

गुणांच्या दिशेकडेही लक्ष असू द्या. ईक्यू-५डीच्या मूल्यसारणीतून येणारा आकडा वाढणे चांगले, तर डीएलक्यूआय आणि कॅटमध्ये वाईट. कर्करोगाच्या क्यूएलक्यू-सी३० या प्रश्नावलीत तर एकाच कागदावर कार्यक्षमतेचे जास्त गुण चांगले आणि लक्षणांचे जास्त गुण वाईट असतात. सगळे एकत्र मिळवून केलेली 'सरासरी जीवनगुणवत्ता' मी एका प्रबंधात पाहिली आहे, आणि परीक्षकांनीही ती पाहिली. शिवाय गटांतला फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निघाला म्हणजे तो रुग्णाला जाणवण्याइतका आहे असे नव्हे. डीएलक्यूआयमध्ये साधारण चार गुणांचा आणि कॅटमध्ये दोन गुणांचा बदल अर्थपूर्ण मानतात.

माझ्या मते खरी कसोटी मात्र विचारण्यात आहे. ईक्यू-५डी 'आज' बद्दल विचारते, डीएलक्यूआय मागच्या आठवड्याबद्दल आणि केडीक्यूओएल-३६ मागच्या चार आठवड्यांबद्दल. डायलिसिस संपवून गळून गेलेल्या माणसाचा 'आज' आणि दोन डायलिसिसांच्या मधल्या दिवसाचा 'आज' यांत फार अंतर असते, म्हणून डायलिसिसच्या सर्व रुग्णांना एकाच टप्प्यावर गाठा. 'नेहमीची कामे' हा शब्दही फसवा आहे. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार मला म्हणाले होते की नेहमीच्या कामांत काहीच अडचण नाही. छाटणी आणि फवारणी दोन वर्षांपूर्वीच मुलांकडे गेली होती आणि त्यांचे नेहमीचे काम ओट्यावर बसून मजुरांची हजेरी घेणे एवढेच उरले होते; दम लागेल असे काही ते करतच नव्हते. त्यांचे उत्तर खोटे नव्हते, त्यांचे माप बदलले होते. असे बदललेले माप प्रश्नावलीतून वजा करता येत नाही, मात्र कामाचे स्वरूप एका ओळीत नोंदवून ठेवले तर निष्कर्ष लिहिताना हात सावध राहतो. ईक्यू-५डीच्या पाच प्रश्नांनंतर आजच्या तब्येतीला गुण देण्यासाठी ० ते १०० ची एक उभी पट्टी असते; तिच्यावर तर लोक परीक्षेचे गुण देतात. एका निवृत्त गुरुजींनी ३५ वर बोट ठेवून 'काठावर पास' असे सांगितले होते.

'बरं आहे' या उत्तराबद्दलही सांगायला हवे. आपल्याकडे ते 'उत्तम' पासून 'विचारू नका' पर्यंत काहीही असू शकते, आणि सून शेजारी बसलेली असेल तर सासूबाईंचे सगळेच बरे असते. स्वतः अर्थ लावून खूण करू नका. पाचही पर्याय पुन्हा वाचून दाखवा आणि बोट त्यांनाच ठेवू द्या. उत्तर नातेवाइकाने दिले असेल तर ते रुग्णाचे म्हणून धरू नका.

भाषांतर स्वतः का करू नये, याचे कारणही यातच आहे. एसएफ-३६ च्या मूळ इंग्रजीत मध्यम श्रमांची उदाहरणे टेबल सरकवणे, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, बोलिंग आणि गोल्फ अशी आहेत. पेठ-सुरगाण्याच्या बाईला यांतले काय विचारणार? गुडघ्याच्या कूस प्रश्नावलीत उकिडवे बसणे हे खेळ आणि करमणुकीच्या विभागात येते, आपल्याकडे ती रोज सकाळची गरज आहे. म्हणून नुसते शब्द बदलून भागत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे, त्यांचा मेळ घालायचा, मूळ न पाहिलेल्यांकडून उलट इंग्रजी करून घ्यायचे, आणि मग थोड्या रुग्णांना 'या वाक्यातून तुम्हांला काय समजले' असे विचारायचे, एवढे सगळे करावे लागते. प्रबंधाच्या मुदतीत हे बसत नाही. तयार आवृत्ती हक्कधारकांकडून रीतसर मागवा. शैक्षणिक कामासाठी बहुधा शुल्क पडत नाही, पण परवानगीचे पत्र एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी हातात असावे.

मालेगाव-बागलाणकडचे रुग्ण अहिराणी बोलतील आणि सुरगाण्याचे कोकणा. तेथे प्रश्न छापील मराठीतच आधी पूर्ण वाचा, समजला नाही तरच ठरवून ठेवलेला पर्यायी शब्द वापरा, आणि तो शब्द सर्व मुलाखतकारांचा एकच असू द्या. कोणत्या भाषेत विचारले, कोणी वाचून दाखवले आणि शेजारी कोण बसले होते, या नोंदींसाठी पहिल्याच पानावर तारखेशेजारी तीन रकाने ठेवा.