डिस्फंक्शन: बंद पडणे वेगळे, बिघडणे वेगळे

म्हापशाच्या एका वाचकाचे दोन प्रश्न आहेत. आईच्या हृदयाच्या इको अहवालात ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिस्फंक्शन’ असे लिहून आले आहे; त्याला मराठीत काय म्हणायचे? आणि हा शब्द इंग्रजीत ‘डीवाय’ने लिहायचा की ‘डीआय’ने? आजोबांच्या पोर्तुगीज कोशात तो ‘आय’ने दिला आहे म्हणे.

इंग्रजीत ‘वाय’च हवा. शब्दाच्या सुरुवातीचा ‘डिस्’ हा तुकडा ग्रीक आहे आणि तो आपल्या संस्कृत ‘दुस्’चा सख्खा भाऊ. ‘दुस्’ला जे दोन अर्थ आहेत, तेच त्यालाही आहेत: वाईट आणि अवघड. दुष्कीर्तीतला ‘दुस्’ वाईटाचा, दुष्कर-दुर्गममधला अवघडाचा. ‘डीआय’वाला ‘डिस’ लॅटिन. तो फारकत किंवा नकार दाखवतो, जसे डिसएबल, डिसऑर्डर. ‘फंक्शन’ मात्र लॅटिनच, ‘बजावणे, पार पाडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. म्हणजे डोके ग्रीक आणि धड लॅटिन.

मग आजोबांचा कोश चुकला का? मुळीच नाही. पोर्तुगालने 1911 साली शुद्धलेखनाची मोठी सुधारणा केली, तेव्हा ग्रीक शब्दांतला ‘वाय’ जाऊन ‘आय’ आला आणि ‘पीएच’ची फार्मासिया ‘एफ’ची झाली. त्यामुळे पोर्तुगीजमध्ये ‘दिस्फुंसांव’ ‘आय’नेच बरोबर. गोव्यात दोन्ही लिखावटी एकाच कपाटात नांदतात, म्हणून हा घोटाळा आपल्याकडेच जास्त होतो.

आता अर्थ. डिस्फंक्शन म्हणजे काम थांबणे नव्हे. काम चालू आहे, पण जसे व्हायला हवे तसे होत नाही. अहवाल वाचून घरचे घाबरतात ते नेमके इथे. दोन ठोक्यांच्या मधे हृदयाचे स्नायू सैल होतात आणि कप्प्यात रक्त भरते, तो काळ डायस्टोलचा. पहिल्या ग्रेडमध्ये हे सैल होणे मंदावलेले असते. वाढत्या वयात आणि रक्तदाबाच्या रुग्णांत हा शेरा बऱ्याचदा दिसतो, आणि त्याच वेळी रक्त बाहेर ढकलण्याची ताकद उत्तम असू शकते. आईंच्या बाबतीत त्याचे वजन किती, हे डॉक्टरच सांगतील. आम्ही शब्दापुरते बोलतो. मराठीत ‘हृदय सैल होण्यात दोष’ म्हणावे. ‘अकार्यक्षमता’ नको.

‘अकार्यक्षमता’ आणखी एका कारणाने फसते. थायरॉइड ग्रंथीने हार्मोन कमी सोडले तरी डिस्फंक्शन आणि गरजेपेक्षा जास्त सोडले तरीही डिस्फंक्शनच. दुसऱ्या प्रकारात ग्रंथी आळशी कसली, नको इतकी उद्योगी असते! दोन्हींना पुरेल असा आपला शब्द म्हणजे ‘बिघाड’. पंपात बिघाड, पोटात बिघाड, संबंधांत बिघाड, कुठेही चालतो. घरी कोंकणीत आपण ‘पाड जालां’ म्हणून मोकळे होतो, पण ते अहवालात कोण लिहिणार? यंत्राचे काम भलतेच होऊ लागले तर इंग्रजीत बहुधा मालफंक्शन म्हणतात. मराठीत तिथेही बिघाडच चालतो, वेगळा शब्द घडवायची गरज मला वाटत नाही.

अडचण येते ती विशेषणात. ‘डिस्फंक्शनल फॅमिली’ला ‘बिघडलेले कुटुंब’ म्हटले की शेजाऱ्यांच्या भुवया उंचावतात, कारण माणसांबद्दल ‘बिघडलेला’ म्हणजे वाया गेलेला. इथे ‘घराची घडी विस्कटली आहे’ हे बरे. माणसे एका छपराखाली राहतात, जेवतात, पण कोणाचे कोणाशी धड नाही. समाजशास्त्रात ‘अपकार्य’ असा शब्द वापरतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी समाजव्यवस्थेला बाधक ठरणाऱ्या परिणामांसाठी डिस्फंक्शन ही संज्ञा रुळवली. पाठ्यपुस्तकात तो शोभतो, तिथेच राहू द्यावा.

जाता जाता ‘डिफंक्ट’बद्दल, कारण बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी बसवले जातात. ‘डिफंक्ट’ त्याच लॅटिन क्रियापदाचा, पण अर्थ ‘पार पाडून संपलेला’, म्हणजे गेलेला. पोर्तुगीजमध्ये ‘दिफुंतु’ म्हणजे दिवंगत, आणि 2 नोव्हेंबरचा मृतांचा दिवस त्याच नावाने ओळखला जातो. तेव्हा सांडपाणी प्रकल्प चालू आहे पण पाणी शुद्ध न होताच नदीत जाते, तर तो डिस्फंक्शनल. त्याला कुलूप लागून आत झाडे उगवली असतील, तर डिफंक्ट. पहिल्याची बातमी देताना ‘बंद पडलेला’ असे लिहिले, तर दुरुस्ती मागायची की नवा बांधायला सांगायचे, हेच वाचकाला कळत नाही.