‘अंबरचा नजराणा’ की तृणमण्यांची भेट?

‘प्रशियाच्या राजाने १७१६ मध्ये झार पीटरला अंबरचा नजराणा दिला’ या वाक्यातील शब्दयोजना योग्य आहे का, असा प्रश्न आहे. घटना खरी आहे, परंतु त्यातील ‘अंबर’ आणि ‘नजराणा’ हे दोन्ही शब्द मला बदलावेसे वाटतात.

‘अंबर’ हा शब्द मूळचा अरबी असून तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या सुगंधी पदार्थाचा वाचक आहे. युरोपीय भाषांनी पुढे तोच शब्द बाल्टिक किनाऱ्यावर सापडणाऱ्या, प्राचीन वृक्षांची राळ अश्मीभूत होऊन बनलेल्या पिवळसर द्रव्यालाही लावला. मराठी वाचकाला अंबर म्हटले की आधी आकाश किंवा वस्त्र आठवते, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. ‘तृणमणी’ हा संस्कृत शब्द मात्र नेमका आहे, कारण घासल्यावर हा मणी गवताच्या काड्या ओढून घेतो. फारसीतील ‘कहरुबा’ या नावामागेही हेच निरीक्षण आहे.

‘नजराणा’ हा अधिक विचार करण्याजोगा शब्द आहे. नजराणा कनिष्ठाने वरिष्ठापुढे ठेवायचा असतो; १६७४ मध्ये रायगडावर इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनने शिवाजी महाराजांना अर्पण केलेली हिऱ्याची अंगठी हा नजराणाच होय. प्रशियाचा फ्रेडरिक विल्यम पहिला आणि पीटर हे दोघे मात्र स्वतंत्र राज्यकर्ते होते आणि स्वीडनविरुद्ध त्यांना एकमेकांची गरज होती. वडिलांनी बर्लिनच्या राजवाड्यासाठी करवून घेतलेले तृणमण्यांचे कोरीव तक्ते त्याने पीटरला दिले आणि पीटरने त्याच्या आवडत्या पलटणीसाठी उंचपुरे शिपाई पाठवून त्याची परतफेड केली. अशा बरोबरीच्या देवघेवीला ‘भेट’ हाच शब्द शोभतो. शिवाय त्या वर्षी हे दोघे हावेलबर्ग येथे समक्ष भेटलेही होते, त्यामुळे या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे सार्थ होतात.

‘नजराणा’ युरोपच्या संदर्भात सर्वस्वी त्याज्य आहे, असे मात्र नाही. प्रशियाच्या याच राजाचे आजोबा, ब्रांडेनबुर्गचे इलेक्टर (सम्राटाची निवड करण्याचा हक्क असलेले संस्थानिक) फ्रेडरिक विल्यम, यांनी १६७० च्या दशकाच्या अखेरीस सम्राट लिओपोल्ड पहिला यास तृणमण्यांनी मढवलेले सिंहासन दिले. इलेक्टर हा पवित्र रोमन साम्राज्यात सम्राटाचा अंकित असल्यामुळे त्या सिंहासनाला नजराणा म्हणणे मला पूर्णपणे उचित वाटते.