सातवीतली मुलगी हायस्कूलच्या क्रॉस कंट्रीत उतरवावी का?

तुमचा प्रश्न असा: न्यूयॉर्क राज्यात लेक सातवीत आहे, दोन मैल १४ मिनिटांत पळते आणि कोच तिला क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या माळावरच्या लांब शर्यतीच्या, वार्सिटीत (हायस्कूलच्या मुख्य संघात) घ्यायचं म्हणतात. नुसत्या वेळेवर 'हो' म्हणू नका.

आधी नियम. ते राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात नववीच्या आधी हायस्कूल संघातून पळता येत नाही, मिनेसोटात सातवी-आठवीची मुलं पळतात. तुमच्या न्यूयॉर्कमध्ये सातवीच्या मुलीला हायस्कूल संघात घ्यायला पालकांची संमती, शाळेच्या डॉक्टरांची शारीरिक परिपक्वतेची तपासणी, तंदुरुस्तीची चाचणी आणि कोचचं मूल्यमापन, एवढं पार पडावं लागतं. संघातली रिकामी जागा भरायला ही सोय वापरायची नाही, हेही नियमात स्पष्ट आहे. म्हणून कोचना सरळ विचारा, हायस्कूलच्या किती मुली आहेत? संघाचे गुण पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांवरून ठरतात. चारच असतील तर संघाचा निकालच लागत नाही, आणि मग लहान मुलींकडे नजर वळते.

मला शर्यतीपेक्षा सरावाची काळजी जास्त वाटते. बारावीची मुलगी आठवड्याला ३५-४० मैल पळत असेल. तुमच्या लेकीला १५ ते २० पुरे, चार-पाच दिवसांत, आणि जोरकस सराव एकच. हे कोचकडून आधी कबूल करून घ्या. बाराव्या वर्षाच्या आसपास मुलींची उंची झपाट्याने वाढते. हाडं लांबतात, स्नायू मागे राहतात आणि टाचेच्या, गुडघ्याखालच्या कोवळ्या वाढकूर्चेवर (हाड जिथून वाढतं त्या मऊ भागावर) ताण येतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखली, तर मैल निम्मे करा. नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल किंवा एका पायावर उडी मारवत नसेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. 'थोडं सहन कर' असं तिला कोणीही म्हणू नये, आपणही नाही.

खाण्याचंही बघा. शाळेत जेवण अकराला आणि सराव तीनला, म्हणजे दप्तरात केळं किंवा पीनट बटर सँडविच हवंच. घरी शाकाहार असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा; हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह संपत आलेलं असू शकतं.

पळवायचं ठरलंच तर सुरुवात ज्युनिअर वार्सिटीपासून, म्हणजे हायस्कूलच्या दुसऱ्या संघापासून. हायस्कूलची शर्यत ५ किलोमीटर, म्हणजे ३.१ मैल. तिच्या वेळेवरून अंदाज साधारण २२:२० चा निघतो. पहिला मैल ७:१५ ते ७:२० मध्ये काढू द्या. मोठ्या मुलींच्या घोळक्याबरोबर तो ६:४० ला गेला, तर तिसऱ्या मैलात चालावं लागतं. सुरुवातीच्या रेषेवर तिला कडेला उभं करा, मधल्या रेटारेटीत इतरांच्या बुटांचे खिळे (स्पाइक) लागून पाय दुखावतात.

चौदा-पंधराव्या वर्षी शरीर बदलताना वेळ वर्षभर अडकू शकते, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. आणि निर्णयाआधी कोच समोर नसताना विचारा, तिला स्वतःला काय हवंय. वर्गातल्या मैत्रिणींबरोबर मॉडिफाइडमध्येच (सातवी-आठवीच्या संघातच) पळायचंय म्हणाली, तर यंदा तिथेच पळू द्या.